तिसऱ्या पंगतीला बासुंदी संपली होती

मी पीएसएमवाली. म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन, एमबीबीएसला ज्या लेक्चरला अर्धा वर्ग झोपतो आणि उरलेला अर्धा येतच नाही तो विषय. त्यात मी एमडी केलंय आणि थिसिसही अन्नातून होणाऱ्या विषबाधांच्या साथींवर, त्यामुळे घरी मामा अजून विचारतात, "मग तू पेशंट कधी बघणार?" आता त्यांना कसं सांगू की त्या थिसिसच्या काळात मी पेशंटपेक्षा जास्त वेळ ज्यांना काहीच झालेलं नाही अशा माणसांमागे फिरण्यात घालवला. हा किस्सा त्यातलाच. गावाचं नाव सांगत नाही, मराठवाड्यातलं आहे एवढंच.

मे महिना, रात्रीचे साडेदहा. जिल्ह्याच्या साथरोग सर्व्हेलन्सच्या साहेबांचा फोन आला, लग्नातलं जेवण आहे, उलट्या, ऐंशीच्या वर लोक पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) आलेत, निघा. आमची रॅपिड रिस्पॉन्स टीम म्हणजे ऐकायला भारी वाटतं, प्रत्यक्षात एक बोलेरो, त्यात साहेब, मायक्रोबायोलॉजीची एक रेसिडेंट, मी आणि मागे लसी गार ठेवायचे दोन डबे, म्हणजे व्हॅक्सिन कॅरियर. पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. सहा खाटांची पीएचसी आणि माणसं व्हरांड्यात, जिन्याखाली, आवारातल्या लिंबाखाली सतरंज्यांवर. सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बँडेजच्या पट्टीने बांधलेल्या. एमओ सर (मेडिकल ऑफिसर) एकटे आणि दोन सिस्टर, पण काम असं सुरू होतं की मला तिथे स्टेथो काढायची लाजच वाटली. एमओ सरांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "तुम्ही सलाईन लावणार का लिहिणार?" म्हटलं लिहिणार. "मग तिकडून सुरू करा, ते जरा शुद्धीत आहेत."

लिहायचं म्हणजे लाइन लिस्ट. एका ओळीत एक माणूस: वय, गाव, काय त्रास, जेवला कधी, पहिली उलटी कधी. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, कारण उलटी होताना घड्याळ कोण बघतं? लोक सांगणार "टेम्पोत चढतानाच झालं बघा", "भांडी घासायला घेतली अन् मळमळलं", एक आजोबा म्हणाले "बैलाला पाणी दाखवायच्या टायमाला". मग मी एक युक्ती केली, मुहूर्त धरला. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, तो मात्र गावात झाडून सगळ्यांना पाठ. अक्षता पडल्यावर पहिली पंगत एक वाजता, दुसरी पावणेदोनला, तिसरी जवळजवळ तीनला. वऱ्हाडाचा टेम्पो साडेचारला निघाला. या पाच खुंट्यांना मी सगळ्यांच्या उलट्या टांगल्या (वाक्य घाण झालंय पण काम असंच होतं).

पहाटे तीनला एमओ सरांच्या टेबलावर केसपेपरच्या मागच्या बाजूला अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन काढून ग्राफ मांडला. एकच टेकडी. सव्वातीनला सुरू, चार ते पाचच्या मधे शेंडा, सातनंतर जवळपास काही नाही. ताप कुणालाच नाही, जुलाब थोड्यांना, उलट्या मात्र सगळ्यांना, आणि जेवण ते पहिली उलटी यात बहुतेकांचे तीन तास.

इथे जरा थांबून सांगते, कारण माझ्या मते या कामातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे. लॅब बिब नंतर, आधी घड्याळ बोलतं. साल्मोनेला हा जंतू असता तर तो आत जाऊन वाढायला वेळ घेतो, साधारण १२ ते ३६ तास, आणि ताप आणतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स, मोठ्या पातेल्यातल्या रश्श्यात वगैरे वाढणारा, तो आठ-बारा तासांनी पोटात मुरडा आणि जुलाब देतो, उलट्या फारशा नाहीत. तीन तासांत धडाधड उलट्या म्हणजे जंतूला पोटात जाऊन काही करायला वेळच मिळालेला नाही, विष जेवणातच तयार होऊन आलेलं होतं. अशी खाती दोनच, स्टॅफिलोकोकस ऑरियस नाहीतर बॅसिलस सेरियस. दोघांचाही वेळ साधारण १ ते ६ तास. बॅसिलस आला की पहिला संशय भातावर, स्टॅफ आला की माणसाच्या हातावर. म्हणजे पहाटे तीनला, एकही नमुना लॅबला न जाता, प्रश्न एवढासा उरला होता.

गावाकडे मात्र उत्तर आधीच तयार होतं. खरंतर दोन उत्तरं होती. पहिलं मठ्ठा, कारण मठ्ठ्यात तालुक्याहून आणलेला लादीचा बर्फ होता आणि बर्फवाला बाहेरचा. पोरं सकाळी त्याच्याकडे जायच्या तयारीत होती, सरपंचांनी अडवलं म्हणून. दुसरं उत्तर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं पण व्हरांड्यात मला तीनदा कानात सांगितलं गेलं. "मॅडम, आजारी कोण कोण आहे ते बघा जरा. सगळी मुलाकडची माणसं. मुलीकडचं कुणी पडलंय का?"

आणि वाईट म्हणजे ते खरं होतं. माझी यादी मीच बघितली, दहात आठ वऱ्हाडी. मुलीकडचे तुरळक. देण्याघेण्यावरून आधी कुरबूर झालेली, त्यात नवरा-नवरी दोघंही ठणठणीत, त्यावरूनही कुजबुज. मुलीचे वडील पीएचसीच्या गेटपाशी उभे होते रात्रभर, आत यायची हिंमत नाही आणि घरी जायचीही नाही. मला म्हणाले, "ताई, लिहिताना जरा संभाळून लिव्हा." मी काय संभाळून लिहिणार, मला तर अजून काहीच कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खरं काम. जे आजारी नाहीत त्यांना शोधायचं. हे लोकांना समजावणं महाकठीण आहे. आजाऱ्याला विचारलं काय खाल्लं तर तो सगळा मेनू सांगतो, पुरी, वांगं-बटाट्याचा रस्सा, मसालेभात, कोशिंबीर, बासुंदी, मठ्ठा. शंभर आजाऱ्यांनी पुरी खाल्ली म्हणून पुरी वाईट होते का? बऱ्या माणसांनीही पुरी खाल्लीच की. खाऊन किती जण पडले आणि न खाऊन किती जण पडले, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय काहीच कळत नाही.

आम्हाला हे शिकवताना एक जुनी केस देतात, जगभरात सगळ्यांनाच देतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो काउंटीत १८ एप्रिल १९४० ला चर्चचं रात्रीचं जेवण झालं. ८० जण जेवले, ७५ जणांना विचारलं, ४६ आजारी. हॅम, पालक, कोबीचं सॅलड, केक, सगळं तपासलं. व्हॅनिला आइस्क्रीम खाल्लेले ५४, त्यातले ४३ पडले. न खाल्लेले २१, त्यातले ३. म्हणजे शंभरात ८० विरुद्ध शंभरात १४. झालं, गुन्हेगार सापडला. वर्गात हे कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं, कारण ते ७५ जण कागदावर गुपचूप बसलेले असतात.

माझे कागदावर बसायला तयार नव्हते. दारात गेलं की, "आम्हाला काय झालं न्हाई, आमचं नाव कशाला लिव्हता?" एका घरात तर सुनेने आधी विचारलं, इंजेक्शन देणार का. आणि मुलीकडच्या आळीत दारंच उघडेनात. गावातल्या आशाताई माझ्याबरोबर होत्या, त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही विचारताय 'तुम्ही बरे कसे', त्यांना ऐकू येतंय 'तुम्हीच कालवलं का'." एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मग आम्ही प्रश्नच बदलला. आजारपणाचं नावच काढायचं नाही. घरात जायचं, पाणी प्यायचं, लग्न कसं झालं विचारायचं, आणि मग "तुम्ही कितव्या पंगतीला बसलात हो?"

हा पंगतीचा प्रश्न आशाताईंचाच. थिसिसमधे त्यांचे आभार मानलेत पण खरंतर नाव पहिल्या पानावर पाहिजे होतं.

कारण पंगत विचारायला लागलो आणि चारपाच घरांतच कोडं सुटायला लागलं. मुलीकडची माणसं यजमान, ती आधी कशी बसतील? पहिली पंगत पूर्ण वऱ्हाडाची, दुसरीत उरलेलं वऱ्हाड आणि गावातले मानाचे, आणि तिसऱ्या पंगतीला घरचे लोक, वाढपी पोरं, स्वयंपाकाला हातभार लावणाऱ्या बाया, आणि नवरा-नवरी, कारण ते तोवर फोटो काढत बसले होते. आणि तिसऱ्या पंगतीला बासुंदी पुरली नव्हती. दुसऱ्या पंगतीतच शेवटच्या ओळीला पातेलं खरवडून वाढलं, तिसरीला गूळ-तूप देऊन भागवलं. वाढपी पोरांपैकी एकजण तर अजून रुसलेला होता, "दिवसभर आम्ही वाढली अन् आमालाच न्हाई मिळाली."

मठ्ठा तिसऱ्या पंगतीने पोटभर प्यायला, त्याच बर्फाचा. मसालेभातही खाल्ला, तोही दोन तास जास्त उघडा पडलेला, आणि तरी त्यांच्यात जवळपास सगळे धडधाकट.

पण एवढ्याने भागत नाही. कुणीही म्हणेल की मॅडम, तिसरी पंगत म्हणजेच मुलीकडचे, मग बासुंदी कशावरून, माणसंच वेगळी आहेत ना. मग आम्ही उलटी माणसं शोधायला लागलो. मुलीकडची पण पहिल्या पंगतीला बसलेली: एक मामा, ज्यांना व्याह्यांनी आग्रहाने शेजारी बसवलं होतं, एक आजोबा, डायबिटीस असल्याने लवकर जेवतात म्हणून, आणि तीन-चार लहान पोरं जी कुठेही बसतात. मामा पडले. पोरं पडली. आणि मुलाकडची पण तिसऱ्या पंगतीला बसलेली: एका टेम्पोचं टायर वाटेत पंक्चर झालं होतं, त्यातले बारा-तेरा जण अक्षता पडून गेल्यावर पोचले आणि घरच्यांबरोबर जेवले. त्यांचे नंबर मिळवायला दोन दिवस आणि ड्रायव्हरच्या चार शिव्या लागल्या, पण तेरातला एकही आजारी नव्हता. हे कळलं तेव्हा मी फोन ठेवून एकटीच टाळी वाजवली, आशाताई बघत राहिल्या.

शेवटी दोनशेच्या आसपास माणसं झाली. बासुंदी खाल्लेल्यांतले निम्म्याहून बरेच जास्त आजारी, दोन द्रोण खाणाऱ्यांत एक द्रोणवाल्यांपेक्षा जास्त. न खाल्लेल्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्या बोटांवरच्यांपैकी एक म्हणजे ते पहिल्या पंगतीचे आजोबा. दणकून उलट्या, सलाईन लागलं, आणि लेखी जबाब असा की बासुंदीला हातही लावला नाही, साखर आहे ना मला. ऑस्वेगोतही तसे तीन होतेच म्हणून मी सोडून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांचा नातू गाडीपाशी आला, आठ-नऊ वर्षांचा, आणि हळूच म्हणाला, "आज्याने माझा पण द्रोण प्याला. आईला सांगू नका." मी शीटमधे 'नाही'चं 'हो' केलं. आईला सांगितलं नाही.

आता आचारी. शेजारच्या तालुक्यातला, पन्नाशीचा, शांत माणूस. घाबरलेला होता पण खोटं बोलला नाही. दूध आदल्या दिवशी संध्याकाळी चुलवाणावर आटवलं, रात्री अकराच्या सुमाराला उतरवलं, वेलची-चारोळी घातली, आणि पातेलं फडकं बांधून मांडवात ठेवलं. मे महिन्यातली मराठवाड्यातली रात्र, एवढं मोठं पातेलं सकाळपर्यंत नीट गारही झालं नसणार, कोमटच राहिलं असणार. जंतूंना याहून काय पाहिजे, दूध, साखर, ऊब आणि आठ तास. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. विचारलं तर म्हणाला, लग्नाच्या दोन दिवस आधी विळीने कापलं, आता पिकलंय. "पण मॅडम, म्या सकाळी परत चांगली उकळी आणली होती की. रटरटून. उकळल्यावर काय राहतं?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, माझी आईही हेच म्हणते. उकळल्यावर स्टॅफसारखा जंतू राहत नाही, बरोबर आहे. पण स्टॅफने रात्रभरात जे विष सोडलेलं असतं ते शंभर डिग्रीलाही हलत नाही. मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर मात्रा पुरते, आणि वास, चव, रंग कशातही फरक नाही. सगळ्यांनी मला सांगितलं की बासुंदी फर्मास झाली होती. २००० साली जपानमधे ओसाकाच्या बाजूला १३ हजारांवर लोक दुधाने आजारी पडले, त्यातही हेच होतं. कारखान्याची वीज काही तास गेली, दूध कोमट राहिलं, स्टॅफ वाढला, मग पुढे पाश्चरायझेशन झालं, जंतू मेले, विष मात्र तसंच दुधाच्या पावडरीत आणि त्या पावडरीतून दुधात उतरलं. मी हे आचाऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसला.

पण अंगठ्याच्या आणि नाकाच्या स्वॅबमधे स्टॅफ येणं हा काही पुरावा नाही. धडधाकट माणसांतही चार-पाचातल्या एकाच्या नाकात तो असतोच, माझ्याही असेल. पुरावा पाहिजे तर बासुंदी पाहिजे. आणि बासुंदीचं पातेलं घासून पालथं घातलेलं, उरलेलं अन्न घाबरून खड्डा करून पुरलेलं.

तेव्हा पुन्हा आशाताई. त्यांनी विचार केला की बासुंदी आहे म्हटल्यावर कुणीतरी डबा भरून नेलाच असणार. नेला होता. एका काकूंनी, मुलगा पुण्याहून रात्री येणार म्हणून पहिल्या पंगतीच्या आधीच आचाऱ्याकडून डबाभर घेऊन फ्रिजमधे ठेवलेली. मुलाची एसटी चुकली म्हणून तो वाचला. काकू डबा द्यायला तयार होईनात, दोन कारणं, एक म्हणजे पोलिसात जाईल, आणि दुसरं, डबा माहेरचा होता. छोटा कडीचा स्टीलचा डबा, झाकणावर नाव घातलेलं आणि खाली 'मामाकडून, १९९४'. मी म्हटलं काकू, डबा परत आणून देते, माझी जबाबदारी. नमुना मूळ भांड्यात गेलेला बरा म्हणून डबा तसाच सील करून, झाकणाचा फोटो काढून, व्हॅक्सिन कॅरियरमधे चार आइसपॅकच्या मधे बसवला. गोवराच्या लसीच्या जागी बासुंदी. रस्त्यात प्रत्येक खड्ड्याला आम्ही दोघी कॅरियर मांडीवर उचलून धरत होतो.

आणि मग मी चूक केली. लॅबच्या फॉर्मवर, सवयीने, 'कल्चर' लिहिलं, म्हणजे नमुन्यातले जिवंत जंतू वाढवून बघायची टेस्ट. पेशंटच्या सगळ्या नमुन्यांवर तेच लिहिते ना. तिकडे विषाची टेस्ट व्हायची नव्हती, ती वेगळीकडे पाठवावी लागते, आणि फॉर्मवर लिहिलं असतं तर थोडी बासुंदी त्यासाठी बाजूला ठेवली असती. चार दिवसांनी रिपोर्ट आला, रोगजंतू आढळले नाहीत. अर्थातच नाही आढळले, सकाळी रटरटून उकळली होती की. मी धावत फोन केला तर उरलेला नमुना नियमाप्रमाणे ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत शेकून) टाकून दिलेला.

गावात बातमी गेली की बासुंदी शुद्ध निघाली. परत मठ्ठा, परत बर्फवाला, परत मुलीकडचे. मिटिंगमधे एका वरिष्ठांनी विचारलं, "लॅब निगेटिव्ह आहे, मग तुम्ही बासुंदी कशाच्या जोरावर म्हणता?" मी टेम्पोतली तेरा माणसं सांगितली, मामा सांगितले, तीन तासांची टेकडी दाखवली. ते म्हणाले, "म्हणजे पंक्चरच्या जोरावर." लोक हसले. पण त्यांनी रिपोर्टवर सही केली, बासुंदी संशयित, विष स्टॅफचं असण्याची शक्यता, प्रयोगशाळेतून पुष्टी नाही. 'पुष्टी नाही' हे दोन शब्द माझे आहेत, माझ्या फॉर्ममुळे आलेले. थिसिसच्या पहिल्या पानावर मी डब्ल्यूएचओचा आकडा टाकलाय, जगात दरवर्षी ६० कोटी लोक अन्नातून आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात असा त्यांचा २०१५ चा अंदाज. तो वाचताना मला आता नेहमी वाटतं की यातल्या किती जणांची बासुंदी कुणाच्यातरी अशाच फॉर्ममुळे टाकून दिली गेली असेल.

रिपोर्टची एक प्रत सरपंचांनी मागून घेतली आणि टेम्पोवाला भाग दोन्हीकडच्या मंडळींना बसवून मोठ्याने वाचून दाखवला असं आशाताईंकडून कळलं. मुलगी सासरी गेली. आचारी आता गोड पदार्थ सकाळीच करतो म्हणे, आणि हाताला काही लागलं असेल तर भावाला पाठवतो.

राहिला डबा. काकूंचे फोन यायला लागले, पहिला आठव्या दिवशी. "डॉक्टरीणबाई, डब्याचं काय झालं?" डबा ऑटोक्लेव्हमधून चांगला १२१ डिग्रीतून शेकून सुखरूप बाहेर आला असणार, पुढे कुठे गेला देव जाणे. मी लॅबच्या तीन चकरा मारल्या. काकू दर सोमवारी फोन करायच्या, कधी चिडून नाही, फक्त "आठवण केली" म्हणून. शेवटी मी तसाच कडीचा डबा घेतला आणि भांड्यांच्या दुकानात नाव घालायला बसले. दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं काय घालायचं, मी मोबाइलमधला झाकणाचा फोटो पुढे केला. त्याने वाचलं, "मामाकडून, १९९४? डबा तर आत्ताचा आहे." म्हटलं घाला तसंच.

घरी आई म्हणाली, डबा रिकामा देत नाहीत, पेढे भर. मी चिवडा भरला. दुसऱ्या दिवशी एसटीने जाऊन दिला. काकूंनी झाकणावरून बोट फिरवलं, अक्षर वेगळंय म्हणाल्या, आणि मग झाकण उघडून आधी वास घेतला.